भंडाऱ्यावर आळ

चूक माझी होती. प्रवासाची हकिकत अशी सुरू करत नाहीत, हे मला माहीत आहे. पण मी जुन्नर-आंबेगावला कशासाठी गेलो ते न सांगता तिथल्या मासवडीचं आणि हुरड्याचं कौतुक केलं, तर ते अर्धंच सांगणं होईल, आणि अर्धं सांगण्यात माझी दहा-बारा वर्षं गेली आहेत.

नव्वदीच्या मध्यात मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत रक्ताच्या कर्करोगावर काम करत होतो. रक्तातली पांढरी पेशी जन्मते तेव्हा कच्ची असते. मग ती वाढते, कामाला लागते आणि काम संपलं की मरते. ल्युकेमियात हे वाढणंच थांबतं. पेशी कच्चीच राहते आणि कच्चीच दुप्पट-चौपट होत जाते. तिला विष घालून मारण्याऐवजी वयात आणता येईल का, हा आमचा प्रश्न होता. काही औषधांनी ते जमतं. बशीत वाढवलेल्या पेशींना औषध दिलं की काही दिवसांत त्या पक्व होतात, आणि एक रंगद्रव्य घातलं की पक्व पेशीच्या पोटात गडद निळा ठिपका उमटतो. कच्ची पेशी कोरीच दिसते. पहिल्यांदा तो ठिपका पाहिला तेव्हा मी आजूबाजूला कुणी नाही असं बघून सूक्ष्मदर्शकाला नमस्कार केला होता. आयुष्यभर हेच करायचं, असं त्या दिवशी ठरलं, आणि तसंच झालं.

मल्हारी माझ्या हाताखाली शिकायला आला. आंबेगावच्या पूर्वेकडच्या लोणीचा, आजोबांपर्यंत मेंढरांमागं फिरलेलं घर, एम.एस्सी. झालेला त्यातला पहिलाच. हात असा स्थिर की मला हेवा वाटे. एकदा तो गावच्या खंडोबाची यात्रा करून परतला. नखांत, कानामागं भंडारा तसाच होता. त्यानं लगेच नवा प्रयोग लावला, आणि आठवड्याभरानं त्याच्या बशीतल्या औषध न दिलेल्या पेशीसुद्धा निळ्या झाल्या. औषधाशिवाय पेशी वयात आल्या, म्हणजे तुलनाच उरली नाही. सगळं मुसळ केरात. बैठकीत सगळ्यांसमोर मी म्हणालो, "हळदीचा पेशींवर परिणाम होतो. हा अंगाला भंडारा फासून आलाय. प्रयोग खंडोबानं केला, यानं नाही." सगळे हसले. मल्हारी आपल्या नखांकडं बघत राहिला.

दोष भंडाऱ्याचा नव्हता. पेशी वाढवायच्या द्रवाच्या दोन सारख्या बाटल्या शीतकपाटात होत्या. एकीत मी माझ्या कामासाठी औषध मिसळलं होतं आणि खूण झाकणावर केली होती. खूण बाटलीवर करायची, झाकणावर कधीच नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. बाटल्या पुसताना माझ्याच हातून झाकणं बदलली. मल्हारीनं साधा द्रव समजून घेतला तो औषधाचा होता. पुढच्याच आठवड्यात माझ्या औषध दिलेल्या पेशी मात्र कोऱ्याच राहिल्या, तेव्हा मला सगळं उमगलं. मी गुपचूप दोन्ही बाटल्या ओतून दिल्या, माझा प्रयोग पुन्हा लावला आणि तोंड मिटलं. मला परदेशी जायचं होतं. निवड तोंडावर होती. दोन महिन्यांनी मल्हारी संशोधन सोडून गावी गेला.

मी परदेशी जाऊन आलो, माझा विभाग झाला, विद्यार्थी झाले. दर वर्षी नव्या मुलांना झाकणाची गोष्ट सांगायचो, पण "एक होता मूर्ख" अशी. मुलं खदखदून हसायची. गेल्या मार्गशीर्षात ती हसत असताना माझ्याच्यानं पुढं बोलवेना. शुक्रवारी रजा टाकली. मल्हारी निमगाव सावाला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, एवढं एका ओळखीच्याकडून कळलं होतं.

शनिवार, निमगाव सावा

नारायणगावला एसटी सोडली आणि जीपमध्ये शिरलो. शिरलो म्हणजे कोंबला गेलो. थंडी गोड होती, दोन्ही बाजूंना ऊस आणि कांद्याची हिरवी रोपं, मधूनच द्राक्षाचे मांडव. मी मनात वाक्यं जुळवत होतो: "मल्हारी, मला तुझ्याशी एक बोलायचंय." शाळेत पोहोचलो तर शिपाई म्हणाला, "सरांची बदली झाली की! तात्यांकडं इचारा, त्यांच्याच खोलीत ऱ्हायचं."

तात्या म्हणजे मल्हारीचे घरमालक. साठीचे, पिळदार, कांद्याच्या वाफ्यात पाणी धरून उभे. मी ओळख सांगितली.

"डॉक्टर हाय व्हय? मंग माजा गुडघा बघा."

"तसला डॉक्टर नाही हो मी. रक्ताच्या पेशींवर संशोधन करतो."

"मंग रगत बघा."

"रोग्याला नाही तपासत. बशीतल्या पेशी बघतो."

तात्यांनी खोऱ्यावर हनुवटी टेकली. "म्हंजे मानूस सोडून सगळं बघता. लई भारी काम हाय राव."

घरात काकूंनी मला पाटावर बसवलं आणि मासवडी करायला घेतली. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो: नावात मास असलं तरी त्यात मासा औषधालाही नसतो. बेसनाचा घट्ट लगदा ओल्या फडक्यावर थापायचा, आत खोबरं, तीळ, लसूण, कांदा यांचं भाजलेलं सारण भरायचं, फडक्यासकट गुंडाळायचं आणि माशासारखा आकार आला की वड्या पाडायच्या. सोबत काळा, तिखट रस्सा आणि बाजरीची भाकरी. आमच्या घरी पाहुण्याला "आणखी हवं का" असं विचारतात. काकूंनी विचारलं नाही, वाढलं. मी ताटावर आडवा हात धरला तर हातावरून रस्सा ओघळला.

"काकू, मी मल्हारीची माफी..."

"आदी जेवा. बोलायला समदी सांज पडलीया."

सांज पडल्यावर तात्यांनी निघू दिलं नाही. उसात बिबट्या होता. "काल मोठ्या कुत्र्याला उचाललं. तुमी तर हडकुळं. त्यो तुमाला भाजी म्हनून खाईल." त्यांनीच सांगितलं की मल्हारी आता पश्चिमेला तळेघरच्या शाळेत असतो, पण रविवारी बहुतेक लोणीला आई-वडिलांकडं येतो.

"लई गुनाचं मास्तर," तात्या म्हणाले. "पोरं जीव टाकायची. येक खोड व्हती पर. परयोग पोरांकडनं करून घ्यायचं, सोता काचेला हात लावायचं न्हाई. मी इचारलं येकदा. तर म्हनलं, तात्या, माजा हात वंगाळ हाय."

काकू म्हणाल्या, "कायतरीच! इतका सोच्छ मानूस म्या पाह्यला न्हाई."

मी रस्सा जास्त झाल्याचं निमित्त करून पाणी मागितलं.

रविवार, लोणी

निमगावच्या पाटाच्या पाण्याची सवय झालेल्या डोळ्यांना लोणी कोरडी वाटते. माळ, दगडी बांध, उंच ज्वारी. मल्हारीचं घर गावाबाहेर होतं आणि अंगणात वाघरीच्या जाळीत थोड्या मेंढ्या होत्या. मल्हारी आला नव्हता. शाळेत कसलीशी तयारी होती. आबा, म्हणजे त्याचे वडील, शेताच्या कडेला हुरडा भाजत बसले होते. "पुन्याचं पावनं" एवढं ऐकून त्यांनी मला शेजारी बसवलं आणि माझ्या तळहातावर गरम कणीस ठेवलं.

"चोळा."

मी चोळलं. दाणे निम्मे मातीत गेले.

"असं नाय. मेंढराच्या कानामागं खाजवत्यात तसं." मी कधी मेंढराच्या कानामागं खाजवलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी जाळीतून एक कोकरू आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "ह्येच्यावर शिका." कोकरू उबदार होतं आणि त्यानं माझ्या पँटवर यथेच्छ मुतून घेतलं. बांधापलीकडच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हातमोज्यांशिवाय बशीला न शिवणारा मी, तसाच बसून हुरडा चोळत राहिलो. लसणाची चटणी, गूळ, आणि कोवळ्या ज्वारीची ती दुधाळ गोडी. इतका आनंद मला नको होता. मी शिक्षा घ्यायला आलो होतो आणि जो तो मला जेवू घालत होता.

मग आबांनी विचारलं, "मल्हारीची न् तुमची वळख कुठली?"

मी प्रयोगशाळेचं नाव घेतलं. त्यांचा हात थांबला.

"तिथलं व्हय तुमी." हातातलं कणीस बाजूला ठेवून म्हणाले, "लई वाईट झालं ते. आमच्या भंडाऱ्यानं तुमचा परयोग नासला. पोराची चूक न्हाई हां. त्यो नगं नगं म्हनत व्हता, उद्या काम हाय म्हनत व्हता. म्याच धरून त्याच्या डोस्क्यावर मूठभर टाकला. तवापासनं यात्रंला येतो, पर उदळाय लागलं की लांब, लिंबाखाली हुबा ऱ्हातो. आमी सगळी पिवळी, न् त्यो येकटा पांढरा."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. मल्हारीचं नुकसान मी मोजलं होतं, असं मला वाटत होतं. त्यात हा म्हातारा नव्हताच.

"आबा, भंडाऱ्याचा काहीच दोष नव्हता," मी म्हणालो. "तुमचा नाही, त्याचा नाही. चूक आमच्याकडून झाली होती."

आबा माझ्याकडं बघून हसले. मग मल्हारीच्या आईला हाक मारून म्हणाले, "ऐकलं का गं? पावनं किती मोठ्या मनाचं हाय. आपल्याला वाईट वाटू नये म्हनून सोतावर घ्येतंय."

आई म्हणाल्या, "शिकल्याली मानसं. त्यास्नी बोलाय येतं."

झालं. मी "आमच्याकडून" म्हणालो होतो. बाटली म्हणालो नाही, झाकण म्हणालो नाही, मी म्हणालो नाही. पाहुण्याचं बोलणं त्यांनी पाहुण्याचं म्हणून गोड मानून घेतलं. पुन्हा तोंड उघडणार तोवर आबा उठलेच होते. "तळेघरला जाताय तर येक काम करा." आणि त्यांनी पाय बांधलेला एक तांबडा कोंबडा पिशवीत घालून माझ्या हातात दिला. "सुनंला द्या. तिकडं थंडी लई, रस्सा लागतो."

सोमवार, तळेघर

मंचर, घोडेगाव आणि पुढं डोंगर. त्या वाटेवर मी आणि कोंबडा एकाच सीटवर होतो. जीपवाला म्हणाला, "पावणं, त्याचं हाफ तिकीट लागंल." कोंबड्यानं पिशवीतून मान काढून त्याच वेळी बांग दिली. "बघा, त्यो फुल द्यायला तयार हाय." जीप हसत हसत घाट चढली. खाली डिंभ्याचं पाणी निळं पसरलं होतं. भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, पेंढ्यांच्या उडव्या दाराशी रचलेल्या, उतारावर नाचणीची वाळलेली खुंटं. कालच्या माळावरून इथं आलेल्या माणसाला हा तोच तालुका आहे, हे सांगूनही पटणार नाही.

जीपनं फाट्यावर सोडलं. पुढं शाळेपर्यंत चालत. एका वळणावर माझा पाय घसरला, पिशवी सुटली आणि कोंबडा बांधलेल्या पायांनी उड्या मारत, झऱ्याच्या पाण्यानं अजून ओल्या असलेल्या एका खाचरात उतरला. मी त्याच्यामागं. नाचणीची पोती घेऊन चाललेल्या दोन बायका थांबल्या.

"धरा की वो! तुमचाच हाय ना?"

"मल्हारी सरांचा आहे!"

"मंग सरांना पोटभर मिळंल असं वाटत न्हाई," एक म्हणाली, आणि तिनंच पदर टाकून त्याला धरलं.

असा, गुडघ्यापर्यंत चिखलात, बगलेत कोंबडा घेतलेला, मी शाळेच्या दारात उभा राहिलो. वर्ग भरला होता. खिडकीजवळ सूक्ष्मदर्शक होता आणि मुलं कांद्याचा पातळ पापुद्रा काचेवर पसरत होती. मल्हारी त्यांच्यामागं उभा होता. कानशिलं पांढरी झालेली, अंगानं भरलेला. "हळू. कडेनं सोड पाणी. हां, बुडबुडा नको," असं सांगत होता, आणि दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधलेले होते.

त्यानं वर पाहिलं. क्षणभर ओळख पटली नाही. मग चेहरा उजळला. "सर! तुम्ही? आणि हा कोंबडा आबांचाच ना?"

तो खरोखरच आनंदला होता, हे मला सोसेना. त्यानं मला घरी नेऊन बायकोला भेटवलं, गरम पाणी दिलं, स्वतःचं धोतर नेसायला दिलं. नाचणीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि नव्या तांदळाचा वाफाळता भात झाला. मी म्हणालो, "मल्हारी, मला एक सांगायचंय." तो म्हणाला, "सांगाल हो सर. आधी मुलांपुढं दोन शब्द बोला. इथं कोण येतंय?"

मी नको म्हणेपर्यंत मुख्याध्यापकांनी नारळ मागवला. आपल्याकडं पाहुणा आला की त्याचा सत्कार होतो, त्याला इलाज नाही. मला शाल मिळाली. मल्हारीनं माझी ओळख करून दिली. माझे शोधनिबंध त्याला माझ्यापेक्षा नीट पाठ होते. सोडून गेल्यावरही तो ते मिळवून वाचत राहिला होता. "रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींना मोठं करण्याचं काम सरांनी केलं," तो म्हणाला, "आणि मी थोडे दिवस त्यांच्याकडं होतो, हे माझं भाग्य."

मी धोतर सावरत उभा राहिलो. एकट्यात सांगायची वाक्यं जुळवून आणली होती. पण त्याचं हसं केलं होतं ते सगळ्यांसमोर.

"मोठं व्हायला कुणाला आवडत नाही?" मी मुलांना विचारलं. एक हात वर आला. "मला. मोठं झालं की नांगर धरावा लागतो." वर्ग हसला, मीही. मी सांगितलं, काही पेशी अशाच असतात, मोठं व्हायला तयार नसतात. त्यांना औषध दिलं की त्या वयात येतात आणि पोटात निळा ठिपका उमटतो. मग दोन मुलांच्या पाण्याच्या बाटल्या मागून घेतल्या, टेबलावर ठेवल्या आणि त्यांची झाकणं बदलली.

"समजा, ह्या बाटलीत औषध आहे आणि खूण फक्त झाकणावर होती. आता मी झाकणं बदलली. दुसऱ्या माणसानं साधं पाणी समजून कुठली बाटली घेतली?"

"औषधाची!"

"त्याच्या पेशी निळ्या झाल्या. मग चूक कुणाची?"

"झाकान बदाललं त्याची!" सगळा वर्ग ओरडला.

"तो मी."

पुढच्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. "आन त्या दुसऱ्या मानसाला कुनी सांगितलं का?"

"अजून नाही," मी म्हणालो.

"का?"

"मला खरं कळलं तेव्हा मला परदेशी जायचं होतं. सांगितलं असतं तर कदाचित जाता आलं नसतं. त्याला परत जायला गाव आहे, त्याचं काही अडणार नाही, असं मी मनाला सांगितलं."

ती बसली नाही. मल्हारी दाराशी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं, मला दिसलं नाही.

"कवापासनं म्हाईत व्हतं?" त्यानं विचारलं. त्याची गावची बोली मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"त्या बैठकीच्या पुढच्या आठवड्यापासून. तू तिथं होतास तोवरच."

"पुढच्या आठवड्यापासनं," तो म्हणाला. "दोन महिने मी नखं घासत व्हतो, सर. रगत यीस्तवर." मग विचारलं, "आबांना बोललात?"

"बोललो. पण नीट नाही बोललो. त्यांना तो माझा चांगुलपणा वाटला."

मल्हारीच्या घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की कशाचा, मला कळलं नाही. मुख्याध्यापकांनी खुर्ची पुढं केली, ती त्यानं नाकारली. चालत वर्गाच्या पार शेवटी गेला आणि मागच्या बाकावर, मुलांमध्ये दाटीवाटीनं बसला.

"आता सांगा," तो म्हणाला. "नीट. मोठ्यानं. मागं ऐकू आलं पायजे."

मी शाल काढून टेबलावर ठेवली, हात जोडले आणि मागच्या भिंतीपर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणालो, "मल्हारी सर, झाकणं मी बदलली, दोष तुमच्या हाताला आणि तुमच्या देवाला दिला, आणि खरं कळल्यावरही गप्प बसलो. उद्या लोणीला जाऊन आबांनाही हेच, असंच सांगेन. मला माफ करा."